तू ख्रिश्चन, मग मराठी कशी?

लाडके,

परवाचा तुझा मेसेज वाचला. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये मैत्रिणीने विचारलं, "तू ख्रिश्चन, मग मराठी कशी?" आणि तू गप्प बसलीस. खाली दुसरा प्रश्न, तोही रागातच: आजी मसाला, फुगे (आपले मैद्याचे तळलेले गोळे), रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मिस्सातलं म्हणजे चर्चमधल्या उपासनेतलं वाचन यांत अडकवून ठेवते, त्यात एम.एससी. आणि गिटार बसवायची कुठे? फोनवर सांगितलं असतं तर तू अर्ध्यात "हो गं आई" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते.

पहिला प्रश्न आधी. वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली, तेव्हा इथल्याच कोळी, कुणबी, आगरी, भंडारी घरांतली माणसं ख्रिस्ती झाली. बाहेरून कोणी आलं नव्हतं. शेत तेच राहिलं, होडी तीच राहिली, बोली तीच राहिली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, तरी ही माणसं तिथेच होती. आपल्या समाजाचं 'ईस्ट इंडियन' हे नाव बरंच नंतरचं, 1887 चं. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आम्ही वेगळे, इथलेच, हे सरकारदरबारी कळावं म्हणून ते घेतलं. पश्चिम किनाऱ्यावर राहायचं आणि नाव पूर्वेचं, तेही ज्या ईस्ट इंडिया कंपनीवरून घेतलं ती तोवर संपलेली! पण पडलं ते पडलं. मैत्रिणीला एवढं सांगितलंस तरी पुरे. तरीही तिने भुवया उंचावल्या तर विचार, पाव, बटाटा, कोबी, चावी, बादली, पगार हे शब्द तिच्या घरी कुठून आले. तेही पोर्तुगिजांकडूनच आले आणि कोणी त्यांना मराठीतून हाकललेलं नाही.

याहून सोपं म्हणजे तिला डबा ने. फुगे ने. मटण-बिटण बरोबर नको, ती काय खाते ते विचारल्याशिवाय तर नकोच. फुगे नुसतेही संपतात.

अर्धा किलो मैद्याला दोन अंडी, एक वाटी घट्ट नारळाचं दूध, तीन मोठे चमचे साखर, एक चहाचा चमचा मीठ आणि तेवढंच इन्स्टंट यीस्ट. पूर्वी यीस्टच्या जागी ताडी असायची. आता मुंबईत, आपल्या कलिन्यात सकाळची ताजी ताडी मिळणं कठीण, त्या नादाला लागू नकोस. नारळाचं दूध कोमट कर, बोट सहज बुडवता आलं पाहिजे. गरम दुधात यीस्ट मरतं आणि मग पीठ तीन तास ठेवलं तरी तसंच बसून राहतं. सगळं एकत्र करून कोमट पाणी थोडंथोडं घाल. पीठ भज्यांपेक्षा घट्ट आणि पावाच्या कणकेपेक्षा बरंच सैल हवं, हात उचलला की जाड धार लोंबली पाहिजे. आता खरं काम. हाताने ते पीठ खालून वर उचलून आपटत पंधरा मिनिटं फेटायचं. आजी इथेच डोळे वटारते, कारण सगळ्यांचं आठव्या मिनिटाला मनगट दुखतं आणि सगळे तिथेच थांबतात. कमी फेटलेल्या पिठात हवा धरून ठेवायची ताकद नसते, फुगे आतून भरीव आणि चिवट होतात. झाकून दोन तास ठेव. मे महिन्यात दीड तासात दुप्पट होतं, डिसेंबरात तीनही लागतात. घड्याळापेक्षा पातेल्याकडे बघ.

तळताना कढईत तेल चार बोटं खोल. डावा हात ओला करून मूठभर पीठ घ्यायचं, मूठ हळू आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो. तो उजव्या हाताच्या ओल्या चमच्याने कापून तेलात सोडायचा. फुग्याला शेपूट आलं तर पीठ पातळ झालंय किंवा चमचा कोरडा आहे. बरोबर जमलेला फुगा तेलात स्वतःच कूस बदलतो. बाहेरून काळपट आणि आत ओला राहिला तर आच मोठी. हातात घेतल्यावर तेल सुटलं तर आच मंद, किंवा एका वेळी फार घातलेस. पहिला फुगा नेहमी फोडून बघ. पहिल्या घाण्यातले चार वाकडे येणारच, ते घरी खायचे, डब्यात जायचे नाहीत.

आता मसाला, कारण एप्रिल लागलाय आणि तुझी खरी तक्रार त्याचीच आहे. "बाजारात पाकीट मिळत असताना तीन दिवस भाजत का बसायचं?" असं तू लिहिलंस. आपल्या बाटलीच्या मसाल्यात, म्हणजे वर्षभरासाठी कुटून बाटल्यांत भरतो त्यात, वीस-पंचवीस जिनसा पडतात: काश्मिरी आणि रेशमपट्टी मिरची, धणे, जिरं, तीळ, खसखस, मोहरी, हळकुंड, मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायपत्री, नागकेशर, दगडफूल, तिरफळ, हिंग, आणि दाटपणासाठी गहू आणि चणाडाळ. प्रमाण घराघराचं वेगळं आणि ते शेजारणीला सांगायचं नसतं. आपल्याकडे एक किलो मिरचीला पाव किलो धणे. पुढचं आजीकडून वहीत उतरवून घे. ती मुठीने मोजते, म्हणून प्रत्येक मूठ आधी वजनकाट्यावर ठेवायला लाव. कुरकुरेल, पण ठेवेल.

तीन दिवस लागतात ते या कारणाने. मिरचीची देठं काढून ती कडक होईपर्यंत वाळवायची, दोन उन्हं तरी लागतात. मोडली की कट् आवाज आला पाहिजे. मग प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. एकत्र टाकलं की धणे तापायच्या आत खसखस करपते, आणि करपलेल्या चमचाभर खसखशीने आख्खा मसाला कडवट होतो. गहू तांबूस होईपर्यंत, तीळ तडतडेपर्यंत, लवंग-वेलची नुसती गरम होईपर्यंत. भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय कुटायला द्यायचं नाही, वाफ धरते. कुटल्यावर चाळून बियरच्या तपकिरी बाटल्यांत भरायचा, काठीने ठासून. तपकिरी काचेतून उजेड कमी जातो म्हणून रंग टिकतो, आणि ठासल्यामुळे आत हवा राहत नाही म्हणून वास टिकतो. बाटलीत पाण्याचा एक थेंब राहिला तर पावसाळ्यात गुठळ्या, नंतर जाळी, आणि वर्षभराचा मसाला कचऱ्यात. तुझं पाकीट महिन्याभरात संपतं, त्याला यातलं काहीच सांभाळावं लागत नाही.

रोझरीचं मी मध्ये पडणार नाही. ती वीस मिनिटांची आहे, तू लांबवून सांगतेस. मे महिन्यात मात्र गावठाणातल्या क्रुसापाशी लितानी, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना असते तेव्हा जा. मुंबईतले असे कितीतरी क्रूस 1896 च्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभे केले. प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात. मुलं चण्यांसाठीच येतात, पण येतात.

मराठी मिस्साचं वाचन तुझ्याकडे आलंय, त्यावरून तू जास्त घाबरलेली दिसतेस. बाहेर वाढलेल्या मुलांची एक चूक ठरलेली असते: च, ज आणि झ. मराठीत त्यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार'मधला च जिभेच्या मधल्या भागाने, 'चांदणं'मधला दातांजवळ. 'माझा' म्हणताना जीभ दातांकडे जाते, 'माझी' म्हणताना मागे टाळूकडे, कारण पुढे ई आहे. तसंच 'प्रभूचा' आणि 'प्रभूची'. हिंदीसारखा सगळीकडे एकच च लावलास की पहिल्या बाकावरची म्हातारी माणसं मान वळवून बघतात. शनिवारी रात्री उतारा तीनदा मोठ्याने वाच. पहिल्यांदा च-ज खाली पेन्सिलने खुणा करत, दुसऱ्यांदा श्वास कुठे घ्यायचा ते ठरवत, तिसऱ्यांदा आजीसमोर. आणि माईकपासून वीतभर लांब उभी राहा, 'प' आणि 'भ'चे फटाके फुटत नाहीत. 1960 च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी, म्हणजे चर्चच्या त्या मोठ्या सभेआधी, मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा, लोक पुटपुटत आपापली माळ जपायचे. आता सगळ्यांना शब्द कळतात, त्यामुळे चुकाही कळतात.

गिटार त्यातच बसते. गायकवृंदाला मराठी स्तोत्रांसाठी वाजवणारं कोणी मिळत नाही, आणि त्या चाली तीन-चार स्वरमेळांत (कॉर्ड्समध्ये) निभावतात, त्यामुळे सराव आपोआप होतो. मुंबईच्या दमट हवेत तारा दोन महिन्यांत गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने तारांच्या खालूनही पुसून ठेव आणि खोळीत सिलिका जेलच्या पुड्या टाक. गिटार खिडकीखाली भिंतीला टेकवून ठेवायची नाही. आपल्या त्या भिंतीला जुलैत पाझर येतो.

एम.एससी. कर. आजी लग्नाचं बोलते ते बोलू दे, तिला "ठरलं की सांगते" एवढंच म्हण. पण ज्या दिवशी ठरेल त्यासाठी माहीत असू दे की हे काम चार-सहा महिन्यांचं आहे: बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, विवाहपूर्व अभ्यासक्रम, पाद्रींसमोर दोघांची वेगवेगळी मुलाखत, मग तीन रविवार चर्चमध्ये नावांचा पुकारा. नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असेल तर गाडी तिथेच अडते. तुझ्या दाखल्यावर आजीचं नाव मधोमध घातलेलं आहे, पासपोर्टवर नाही. लग्न असो-नसो, ते आत्ताच दुरुस्त करून घे. उंबराच्या पाण्याला, म्हणजे लग्नाआधीच्या त्या विधीला, नेसायचं लुगडं आजीचंच वापर. सुती आहे, त्याला खळ हलकी लाव. जास्त झाली तर घडीवर चिरतं.

घराचं मात्र टाळू नकोस. मालमत्ता पत्रकावर अजून पणजोबांचं नाव आहे. ख्रिश्चनांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसलं आणि मागे बायको-मुलं असली तर बायकोला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या मुलांत सारखं, मुलगा असो की मुलगी. म्हणून "मुलींचा इथे काय संबंध" असं कोणी म्हणालं तर भांडू नकोस, कलम काढून दाखव. अडचण वेगळीच येते: तीन पिढ्यांत वारस चार देशांत पसरतात आणि एकाची सही राहिली की बिल्डर नाहीतर भाऊबंद त्याच फटीतून आत शिरतो. तुझं काम एवढंच: नगर भूमापन कार्यालयाकडून पत्रकाचा ताजा उतारा, आजीला विचारून वंशावळ, आणि प्रत्येकाच्या मृत्यूचा दाखला. मी इथे वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवते. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो, म्हणून कागद तयार झाल्याशिवाय मी पाठवणार नाही. वंशावळ आजी जेवणानंतर सांगेल. आधी विचारलंस तर मासे कापून दे म्हणेल.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे आपला नव्या पिकाचा सण आहे, तेव्हा सुट्टी घेऊन ठेव. कलिन्यात शेत उरलं नाही, तरी भाताची कणसं येतात आणि आशीर्वादाला वेदीपुढे जातात. मैत्रिणीला तेव्हा घेऊन जा. भाताचा भारा डोक्यावर घेतलेल्या, लुगडं नेसलेल्या बायका आणि पुढे बँड बघितला की ती वेगळेच प्रश्न विचारेल.

कुटणाऱ्या बायका या महिन्याच्या शेवटी येतील. त्याआधी बाटल्या गरम पाण्याने धुऊन, उलट्या ठेवून, दोन दिवस गच्चीत उन्हात वाळव. बुचं नवी आण, जुन्यांना मागच्या वर्षीचा वास असतो. आणि काठी शोधून ठेव, दरवर्षी तीच हरवते.

तुझी,
आई