अर्बाना की अ‍ॅन आर्बर? घरी राहणाऱ्याचा दिवस आधी बघा

प्रश्न: ताई, आम्ही सांगलीचे. माझ्या नवऱ्याला पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून ऑफर आली आहे: इलिनॉय विद्यापीठ, अर्बाना-शॅम्पेन आणि मिशिगन विद्यापीठ, अ‍ॅन आर्बर. गाईड दोन्हीकडे चांगले आहेत, तो म्हणतो मला दोन्ही सारखीच. मुलगी येत्या ऑक्टोबरमध्ये पाच पूर्ण करेल. मी इथे पतसंस्थेत हिशेब बघते, तिकडे मला नोकरी करता येणार नाही म्हणतात. पहिलं वर्षभर तरी गाडी घेणं परवडणार नाही. कुठे जावं?

उत्तर: त्याला दोन्ही सारखीच आहेत ना, मग निर्णय तुझ्या आणि लेकीच्या दिवसावरून घ्या. तो सकाळी लॅबमध्ये शिरला की संध्याकाळपर्यंत बाहेरचं गाव कुठलं आहे याचा त्याला पत्ताही नसतो. गावाशी गाठ पडते ती तुमची, आणि तीही पाच-सहा वर्षं. मी दोन्हीकडे संसार केला आहे, त्यामुळे रँकिंग बाजूला ठेवून लिहिते.

आधी तुझ्या नोकरीबद्दल. तू एफ-२ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या बायको-मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, असशील आणि त्यावर पगारी काम चालत नाही, हे खरं आहे. इथल्या पतसंस्थेचं काम तिकडून ऑनलाइन करून पगार घेण्याचा विचारही मनात आणू नकोस. शिकता मात्र येतं, पूर्णवेळ नाही, अर्धवेळ. शॅम्पेनला पार्कलँड कॉलेज आहे, अ‍ॅन आर्बरला वॉशटेनॉ कम्युनिटी कॉलेज. दोन्ही बसच्या वाटेवर आहेत. अकाउंटिंगचा एखादा विषय सत्राला घेत राहिलीस तर पुढे व्हिसा बदलेल तेव्हा हातात काहीतरी असेल. पहिल्या वर्षी घरातच बसून राहिलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या वर्षी त्यांना बाहेर पडणं फार जड जातं. म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आता बस. गाडीशिवाय राहायला अर्बाना-शॅम्पेन जास्त सोपं, यात मला शंका नाही. ही दोन गावं एकमेकांना चिकटलेली आहेत, मध्ये राईट स्ट्रीट: एका अंगाला शॅम्पेन, दुसऱ्या अंगाला अर्बाना. जमीन पाटासारखी सपाट, एकही चढ नाही, त्यामुळे स्ट्रोलर ढकलत कुठेही चालत जाता येतं. विद्यार्थ्याला ओळखपत्रावर बस फुकट, आणि तुझ्यासारख्या घरच्या माणसाला वर्षाचा पास १०० डॉलरच्या आत मिळतो. शनिवारी अर्बानाच्या लिंकन स्क्वेअरपाशी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, मे ते ऑक्टोबर. कोवळी भेंडी, हिरव्या मिरच्या, कधी कधी मेथीसुद्धा. शिकागोला जायचं तर रेल्वे आहे, तीन तासांच्या आत, दिवसाला तीन गाड्या. तिथल्या भारतीय दुकानांच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरून महिनाभराचं वाणसामान घेऊन रात्री परत, हे अगदी जमण्यासारखं आहे.

अ‍ॅन आर्बरला विद्यापीठाच्या निळ्या बस सगळ्यांना फुकट आहेत, शहराच्या बसला दीड डॉलर. कॅम्पस, लायब्ररी, केरीटाऊनचा बाजार इथपर्यंत काही अडत नाही. अडतं ते भारतीय सामानाला. मोठी दुकानं कँटनकडे, महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम नोव्हाय, ट्रॉय असल्या डेट्रॉईटच्या उपनगरांत. महाराष्ट्र मंडळ डेट्रॉईट जुनं आणि जागतं आहे, गणपतीला नाटकापासून मोदकांपर्यंत सगळं होतं, पण तिथवर पोचायला कुणाच्या तरी गाडीत जागा मागावी लागते. मागायला लाजू नकोस. तिकडची माणसं आनंदाने नेतात, त्यांनीही कधीतरी अशीच जागा मागितलेली असते. अर्बानाला मराठी माणूस आहे, पण बहुतेक विद्यार्थी. दर दोन वर्षांनी चेहरे बदलतात आणि लेकीला मराठी बोलणाऱ्या मैत्रिणी टिकून मिळणं कठीण. तिचं मराठी तुझ्या मनात महत्त्वाचं असेल, तर ही बाब हलकी धरू नकोस.

भाडं अ‍ॅन आर्बरला चांगलंच जास्त आहे आणि स्टायपेंडमधला, म्हणजे विद्यापीठ देतं त्या विद्यावेतनातला, फरक त्यातच जातो. दोन्ही विद्यापीठांची कुटुंबांसाठी घरं आहेत: अर्बानाला ऑर्चर्ड डाऊन्स, अ‍ॅन आर्बरला नॉर्थ कॅम्पसवर नॉर्थवूड. पहिल्या वर्षी तिथेच राहा. बाहेर थोडं स्वस्त मिळेलही, पण दाराशी बस, खाली खेळायला मुलं आणि शेजारी तुझ्यासारख्याच कोरियन, ब्राझिलियन, इराणी आया, हे बाहेर मिळत नाही. ऑर्चर्ड डाऊन्समध्ये भाजी लावायला वाफेही देतात. कोथिंबीर, गवार, दोडका, उन्हाळ्यात सगळं येतं. त्या काळ्या मातीत काहीही येतं.

मातीवरून आठवलं, सासू-सासरे येणारच असतील. सासऱ्यांना शेतीची आवड असेल तर अर्बानाला त्यांचा वेळ मजेत जाईल. गावाबाहेर पाऊल टाकलं की क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन. कॅम्पसच्या ऐन मध्यावर मॉरो प्लॉट्स म्हणून एक शेत आहे, १८७६ पासून तिथे प्रयोग चालू आहेत. त्याच्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी जमिनीखाली बांधली. आपल्याकडच्या पंतनगर कृषी विद्यापीठाच्या उभारणीत याच इलिनॉय विद्यापीठाचा हात होता. अ‍ॅन आर्बरला त्यांच्यासाठी ह्यूरॉन नदी, गॅलप पार्क आणि आर्ब म्हणतात ते झाडीचं रान आहे. सुंदर आहे, पण चढउतार फार, गुडघे बोलत असतील तर विचार करा.

थंडी दोन्हीकडे कडक. अ‍ॅन आर्बरला बर्फ दुपटीहून जास्त आणि सरोवरांमुळे आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेलं. अर्बानाला बर्फ कमी, पण उघड्या माळावरचा वारा हाडात शिरतो. आणखी एक फरक कुणी सांगत नाही. अ‍ॅन आर्बर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या (इस्टर्न) वेळेच्या पट्ट्यात, पण त्याच्या पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे डिसेंबरात सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि लेकीला अंधारात शाळेला तयार करावं लागतं. अर्बानाला उलट, सकाळी सव्वासातला उजाडतं पण साडेचारलाच दिवस मावळतो. माझ्यापुरतं सांगायचं तर मला ती साडेचारची संध्याकाळ जास्त खायला उठायची. उन्हाळ्यात अर्बानाला रात्रीचे आठ म्हणजे सांगलीला सकाळचे साडेसहा, आजीचा पहिला चहा चाललेला असतो. अ‍ॅन आर्बरला रात्रीचे आठ म्हणजे सांगलीत साडेपाच. फोनच्या वेळा थोड्या सरकवाव्या लागतील, एवढंच.

आता ज्या दोन गोष्टींवर माझं पारडं झुकतं त्या.

पहिली, मुलीचा वाढदिवस. दोन्ही राज्यांत बालवर्गासाठी, म्हणजे तिथल्या किंडरगार्टनसाठी, १ सप्टेंबरला पाच पूर्ण लागतात. पण मिशिगनमध्ये १ डिसेंबरपर्यंत पाच पूर्ण करणाऱ्या मुलाला आईवडिलांनी लेखी कळवून त्याच वर्षी घालता येतं. इलिनॉयमध्ये लवकर प्रवेशाचा मार्ग चाचणीतून जातो आणि त्याची खात्री धरता येत नाही. तो मिळाला नाही तर बहुधा एक आख्खं वर्ष खासगी प्रीस्कूलचे पैसे भरायचे किंवा मुलीला घरी ठेवायचं. एका स्टायपेंडवर ते पैसे म्हणजे भाड्यात वाचवलेलं सगळं गेलंच. सरकारी शाळेत फी नसते आणि लेक शाळेत गेली की तुला कॉलेजचा वर्ग गाठता येतो. मुलगी वर्गात सगळ्यात लहान असेल, हा मुद्दा खरा आहे. ती बुजरी असेल तर तुम्हीच ठरवा.

दुसरी, विमा. मिशिगनला शिकवणारा किंवा संशोधनात मदत करणारा विद्यार्थी असेल तर विद्यापीठाच्या विम्यात बायको-मुलंही येतात, अशी आजवरची पद्धत आहे. इलिनॉयला कुटुंबाचा हप्ता वेगळा भरावा लागतो आणि तो लहान नसतो. अमेरिकेत विम्याशिवाय एक दिवसही राहू नका, लेकरू बरोबर असताना तर नाहीच. शिवाय मिशिगन विद्यापीठाचं स्वतःचं मॉट बालरुग्णालय गावातच आहे. अर्बानाला कार्ल हे चांगलं हॉस्पिटल आहे, पण एखाद्या अवघड दुखण्याला मुलांच्या मोठ्या रुग्णालयासाठी शिकागो किंवा सेंट लुईस गाठावं लागू शकतं. मुलीला दमा किंवा तसलं काही असेल तर माझ्या मते प्रश्न तिथेच संपला.

तेव्हा माझं मत अ‍ॅन आर्बर. मुलगी मोठी असती किंवा तुम्ही दोघंच असता तर मी डोळे मिटून अर्बाना सांगितलं असतं. तेवढ्याच पैशात तिथे जीव जास्त मोकळा राहतो.

पण माझ्या शब्दावर होकार कळवू नका. ऑफरचं उत्तर द्यायची मुदत बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल असते, तोवर वेळ आहे. याच आठवड्यात नवऱ्याला दोन्ही विभागांना एकेक ईमेल करू दे: बायको आणि मुलीच्या विम्याचा हप्ता कोण भरणार, पाचही वर्षं भरणार का, उन्हाळ्याचा स्टायपेंड धरलेला आहे का. उत्तर लेखीच घ्या. दोन्हीकडच्या कुटुंबाच्या घरांसाठी अर्ज आत्ताच टाका, यादी लांब असते आणि ऑफर नाकारल्यावर अर्ज मागे घेता येतो. आणि मुलीचा जन्मदाखला इंग्रजीत, लसीकरणाची नोंद डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह, दोन्हींच्या तीन-तीन प्रती काढून ठेव. त्या कागदांशिवाय शाळेत नाव घालायला गेलीस तर हेलपाटे पडतात.