वाचकांचे प्रश्न : भाव बांधले, पैसे कोणी भरले?

प्रश्न : सरकारने पेट्रोल, साखर, तेलाचे भाव बांधून दिले की जाणकार लगेच ‘लोकानुनय’ म्हणून नाकं मुरडतात. गरिबाच्या खिशात चार पैसे उरले तर बिघडलं कुठे? – एक वाचक, सातारा

उत्तर : ते चार पैसे खरोखर उरतात का, हे आधी पाहू. हंगेरीत व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने नोव्हेंबर 2021 मध्ये पेट्रोल-डिझेलचा भाव लिटरला 480 फोरिंटवर (फोरिंट हे तिथलं चलन) गोठवला. फेब्रुवारी 2022 पासून साखर, गव्हाचं पीठ, सूर्यफूल तेल, दूध आणि मांसाचे दोन प्रकार ऑक्टोबर 2021 च्या भावानेच विकण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये निवडणूक होती, हे वेगळं सांगायला नको. ओर्बान यांना 199 पैकी 135 जागा मिळाल्या.

गोची पुढे झाली. बाहेरून महाग घेऊन आत तोट्यात विकणार कोण? कंपन्यांनी इंधनाची आयात आवरती घेतली. मे महिन्यात परदेशी नंबरप्लेटच्या गाड्यांची सवलत गेली, जुलैअखेर कंपन्यांच्या गाड्यांची. डिसेंबरात पंप कोरडे पडू लागले, आणि 6 तारखेच्या रात्री मर्यादाच उठवली. भाव एका झटक्यात 600 च्या पार गेला.

किराण्यात तर वेगळीच गंमत. दुधाचा भाव बांधला होता तो 2.8 टक्के स्निग्धांशाच्या दुधाचा. चीज आणि दह्याचा नव्हे. दुकानदारांनी दुधातला तोटा बाकीच्या मालावर चढवला. जानेवारी 2023 मध्ये महागाईचा दर 25.7 टक्के झाला, युरोपीय संघात सर्वाधिक. भावबंदीने महागाई वाढते, ती उठवा, असं मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर माटोल्ची यांनी उघड सांगितलं. हे गृहस्थ पूर्वी ओर्बान यांचेच अर्थमंत्री होते!

तेव्हा अशी घोषणा ऐकली की अंदाजपत्रक उघडा. फरकाची रक्कम तिथे दिसली तर ती अनुदान आहे, त्यावर सभागृहात वाद घालता येतो. दिसली नाही, तर ती दुकानदाराकडून तुमच्याच दुसऱ्या वस्तूत येणार. भावबंदीची मुदत आणि तिच्यापुढची मतदानाची तारीखही शेजारी शेजारी लिहून पाहा.

प्रश्न : मग तिथल्या लोकांना हे कळलं कसं नाही? – तेच वाचक

उत्तर : शहरांत पुष्कळांना कळलं. खेड्यात मात्र हाती येणारं जिल्हा वर्तमानपत्र आणि सरकारी वाहिनी एकाच सुरात बोलत होती. नोव्हेंबर 2018 मध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी 400 हून अधिक वृत्तपत्रं, वाहिन्या आणि संकेतस्थळं एका प्रतिष्ठानाला फुकट देऊन टाकली. एवढ्या मोठ्या एकत्रीकरणाची छाननी स्पर्धा नियामकाने करायला हवी होती. सरकारने ते ‘राष्ट्रीय महत्त्वाचं’ ठरवणारा हुकूम काढला आणि छाननीतून सुटका करून दिली. पुढे सरकारी जाहिरातींचा ओघही तिकडेच वाहत राहिला.