तोंडापर्यंत आलेलं गिळतेस कशाला?

प्रश्न: अक्का, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, दोन वर्षं झाली. घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि सोमवारच्या मिटिंगला मॅनेजर लोक इंग्लिश मिसळून असं फाडफाड बोलतात की माझी बोबडीच वळते. मागच्या महिन्यात ५०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाच्या) लॉटमधून दोनदा गोल कटरनं नमुने कापले, काट्यावर ४.६ ग्रॅमच भरले, नमुना चौरस मीटरचा शंभरावा भाग असतो, म्हणजे ४६०. तरी मिटिंगमध्ये गप्प बसले, म्हटलं माझंच चुकलं असलं तर हसतील. लॉट परत आला की! आता वाटायलंय की आपली लायकीच नाही, नशिबानं चिकटलोय इथं.
(अशोक चौकातली एक)

उत्तर: अगं बाई, जिनं एकदा शंका आली म्हणून परत कापून बघितलं ती लायकीची नाही, तर मग काटा द्यायचा कुणाच्या हातात? आठ टक्के कमी भरत होतं ते, आणि ते तुला दिसलं.

हे 'नशिबानं चिकटलोय'चं दुखणं जुनंच आहे बघ. पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स या दोघी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालीच त्यावर लिहिलंय, आणि ते चांगल्या शिकलेल्या, नाव कमावलेल्या बायकांबद्दल होतं, बिनकामाच्यांबद्दल नाही.

दुसरं, छातीत धडधडतं ते सगळ्यांना दिसायलंय असं आपल्याला वाटतं, पण समोरच्याला त्यातलं फार थोडं कळतं. २००३ च्या एका अभ्यासात भाषणाआधी लोकांना एवढंच सांगून ठेवलं, तर ते खरंच बरं बोलले. म्हणून तुलाही सांगून ठेवलं.

इंग्लिशचं म्हणशील तर, मागावरच्या मावशींशी तेलुगूत बोलून गडबड कुठं झाली ते तू काढून आणशील, त्या मॅनेजरला जमेल का ते? मराठीतच बोल, फक्त सुरुवात 'सॉरी, मला नक्की माहीत नाही, पण' अशी करू नकोस. आकडा आधी. 'या लॉटचे दोन नमुने कापले, ४६० आलं, ऑर्डर ५०० ची आहे, पॅकिंग थांबवून परत तपासू का?' झालं, संपलं. आणि हे पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बोलून टाक, कारण जितकं थांबशील तितकं तोंड जड होतं (मी पहिल्या नोकरीत सहा महिने 'येस सर'च्या पुढं गेले नव्हते, अनुभवाचं सांगायलेय). मिटिंगपर्यंत धीर नसला तर काट्याचा फोटो सुपरवायझरला आधीच व्हॉट्सॲप कर.

आता कडू बोलते. परत आलेल्या लॉटचं ते ४६० तुझ्या वहीत असेल ना? ते जाऊन सांग. ओरडा बसेल, बसू दे, पण पुढच्या लॉटला निदान तुला विचारल्याशिवाय पॅकिंग तरी करणार नाहीत. शनिवारी दुपारी मॅनेजर जरा मोकळे असतात का बघ, आणि कापलेले नमुने जपून ठेवले असतील तर तेही घेऊन जा.