खेकड्यांवरचे परजीवी शिकून पोट भरेल का?

रत्नागिरीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, विषय प्राणिशास्त्र. मिरकरवाड्यावर तिला एका नर खेकड्याच्या पोटाखाली पिवळट पिशवी दिसली. मासेवाले म्हणाले, अंडी आहेत. तेव्हापासून तिला खेकड्यांच्या परजीवींवरच संशोधन करायचंय. मागच्या पडवीत बरण्यांमध्ये खेकड्यांची पिल्लं, आणि बी.एड.चं नाव काढायचं नाही. "हिला नोकरी कोण देणार?" असं वडील विचारतात.

नमस्कार,

आधी मुलीची बाजू घेतो. नराला अंडी नसतात, हे तिथे तिच्याच लक्षात आलं. फोटो न बघता खात्री देत नाही, पण ती सॅक्युलिना या परजीवीची पिशवी असू शकते. खरी अंडी भिंगाखाली दाणेदार दिसतात, ही पिशवी गुळगुळीत असते. हा जीव खडकाला चिकटणाऱ्या बार्नेकलच्या कुळातला. खेकड्याच्या शरीरात मुळांसारखे तंतू पसरवतो, त्याचं प्रजनन बंद पाडतो. नराच्या पोटाखालची अरुंद झडप मादीसारखी रुंद होते आणि तो त्या पिशवीची अंड्यांसारखी निगा राखतो.

पण बाजारातल्या खेकड्यावर प्रयोग होत नाही, कारण त्याच्या अंगात आधीपासून काय आहे ते कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या लहान जातींचं महत्त्व. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा ऱ्हिथ्रोपॅनोपियस हॅरिसी हा जेमतेम 2 सें.मी.चा खेकडा. झोइया या पोहणाऱ्या पिल्लाच्या चार अवस्था आणि मग मेगालोपा ही खेकडा होण्याआधीची अवस्था, हे सगळं आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची पिल्लं खाऊ घालून प्रयोगशाळेत पार पाडता येतं. म्हणजे परजीवी नसलेले खेकडे हाताशी येतात. लॉक्सोथायलॅकस हा त्याचा सॅक्युलिनासारखाच परजीवी नुकतीच कात टाकलेल्या खेकड्यात शिरतो, त्यामुळे कात कधी टाकली याची नोंद हवी. एकमेकांना खातात म्हणून प्रत्येकाला वेगळी वाटी. मोठ्या चिंबोऱ्या अशा शेकड्यांनी ठेवायच्या तर टाक्या किती लागतील बघा! खाऱ्या-गोड्या पाण्याचंही तसंच: कमी क्षारतेत खेकडा तगतो, परजीवीची पिल्लं तगत नाहीत. हे वाट्या मांडूनच तपासता येतं.

आता तुमचा प्रश्न. 'खेकड्यांचे परजीवी' या नावाची जाहिरात क्वचितच निघेल, आणि कायमची संशोधक पदं थोडीच असतात. हे मुलीला स्पष्ट सांगा. पण या कामात हाताला लागतं ते (प्राणी जगवणं, ऊतींचे पातळ छेद घेणं, पीसीआरने रोगजंतूचा डीएनए शोधणं) कोळंबीच्या धंद्यात रोज लागतं. आंध्रच्या किनाऱ्यावर ईएचपी नावाचा सूक्ष्म परजीवी कोळंबीची वाढ खुंटवतो, आणि चांगल्या हॅचऱ्या (कोळंबीचं बीज, म्हणजे पिल्लं, तयार करणारी केंद्रं) बीज विकण्याआधी त्याची चाचणी करतात. चेन्नईची 'सिबा' ही संस्था याच रोगांवर काम करते.

मार्ग असा. एम.एस्सी. प्राणिशास्त्र किंवा सागरी विज्ञान; गोवा विद्यापीठ तुम्हाला जवळचं. वर्सोव्याच्या 'सीआयएफई' या मत्स्यशिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी.ला (मत्स्यविज्ञानाची पदव्युत्तर पदवी) साधारणपणे बी.एफ.एस्सी. ही त्याच विषयाची पदवी मागतात, तेव्हा आधी पात्रता वाचा. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासून सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये अधिक घरभाडं, पीएच.डी.साठी तुमच्या खिशात हात घालावा लागणार नाही. एम.एस्सी.नंतर दोन-तीन प्रयत्नांत नेट झाली नाही, तर हॅचरीची प्रयोगशाळा किंवा तुमचं बी.एड. आहेच. बी.एड.चा अर्ज आत्ताच भरायची घाई नको.

मुलीला दोन कामं. पडवीतल्या बरण्यांची वही ठेवावी: क्षारता, तापमान, कातीची तारीख. सहा महिन्यांची अशी वही मुलाखतीत टक्क्यांपेक्षा जास्त बोलते, निदान मी तरी तिला जास्त गुण देईन. आणि बरणीतलं पाणी खाडीत ओतू नये, उकळून टाकावं. लॉक्सोथायलॅकस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात मुळात नव्हता. 1960च्या दशकात दक्षिणेकडून आणलेल्या कालवांबरोबर तो तिथे पोचला आणि अजून आहे.