प्लांट होऊ द्या, हे संमतीपत्र मात्र नको

गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या वाडीतून तुम्ही लिहिलंय. वरच्या अंगाला २४ खोल्यांचं रिसॉर्ट. त्याची सेप्टिक टाकी भरून वाहते, पाणी व्हाळातून (ओढ्यातून) खाडीला जातं आणि गणपतीपासून तुमच्या विहिरीलाही वास येतो. आता मालक एमबीआर पद्धतीचा, म्हणजे जिवाणू आणि गाळणारा पडदा वापरून सांडपाणी शुद्ध करणारा, अत्याधुनिक प्लांट बसवतो म्हणतो. त्याचा पाइप तुमच्या आगरातून (बागायतीतून) खाडीला न्यायचा आहे, म्हणून त्याला स्टँप पेपरवर सही हवी आहे. सासरे तयार, मुंबईचे दीर नाहीत. सही करावी का?

आहे त्या मसुद्यावर मुळीच नको.

'यापुढे सांडपाण्याबाबत कोणतीही तक्रार करणार नाही' हे त्यातलं वाक्य तुम्ही जसंच्या तसं उतरवलंत, बरं केलंत. असं लिहून दिल्याने प्रदूषणाविरुद्ध दाद मागायचा हक्क जात नाही, पण उद्या त्याचा वकील तोच कागद पुढे करून 'यांना सगळं मान्य होतं' म्हणेल. शिवाय सातबारा सामाईक आहे. सासऱ्यांच्या एकट्याच्या सहीने दिरांचा हिस्सा बांधला जात नाही, आणि पाइपचा कायमचा हक्क द्यायचा तर सगळ्या हिस्सेदारांनी मिळून नोंदणीकृत दस्त करावा लागेल. दिरांचा नकार इथे तुमच्या पथ्यावरच पडलाय.

मालक ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुढे करत असेल, तर त्याला बिचकू नका. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५ खाली सांडपाणी सोडायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, उभारणीआधी एक आणि वापराआधी दुसरी. ग्रामपंचायतीचा दाखला तिची जागा घेत नाही. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: संमती आहे का, किती खोल्या दाखवल्यात, दिवसाला किती लिटर सांडपाणी मंजूर आहे. कागदावरच्या खोल्या आणि जागेवरच्या खोल्या जुळत नाहीत, हे बहुधा इथेच उघडं पडतं. जागा खाडीकाठची, म्हणून पाइपला सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची) मंजुरी आहे का, तेही विचारा. २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला बंदीच आहे.

विहिरीचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीलिटर नमुन्यात ई-कोलाय (मैल्यातला जिवाणू) अजिबात सापडता कामा नये. रिसॉर्टच्या तोंडाशी तुम्ही स्वतः भरलेली बाटली मात्र कायद्याने पुरेशी नाही. त्याच जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१प्रमाणे तो नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यायला हवा. तशी मागणी लेखी तक्रारीत करा आणि पोच घ्या.

आता जरा कडू. तुमच्या वाडीतल्या संडासांचे शोषखड्डे विहिरीपासून किती लांब आहेत? जांभ्याच्या भेगांतून पाणी सहज झिरपतं. समोरचा वकील पहिला फोटो त्याचाच काढेल. आधी आपलं घर तपासा.

प्लांटला विरोध करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एमबीआरच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की बहुतेक जिवाणू अलीकडेच अडकतात. सेप्टिक टाकीला ते जमत नाही. पण हे यंत्र विजेवर आणि माणसावर चालतं. पावसात वीज गेली की टाकीत सोडली जाणारी हवा बंद, आणि त्यातले काम करणारे जिवाणू मरायला लागतात. डिसेंबरात रिसॉर्ट भरलेलं, जुलैत ओस, हेही त्यांना मानवत नाही. म्हणून जनरेटर, प्रशिक्षित माणूस, मीटर आणि शुद्ध केलेलं पाणी आधी रिसॉर्टच्याच बागेला, या अटी मंडळाच्या संमतीपत्रात याव्यात असं तक्रारीतच लिहा. मालकाच्या तोंडी शब्दाला काडीची किंमत नाही. बागेतच पाणी जिरलं तर तुमच्या आगरातून पाइप कशाला हवा?

त्याने जबरदस्तीने चर खणला, तर मनाईसाठी दिवाणी न्यायालयात जा. पाण्याच्या दूषिततेसाठी मात्र दिवाणी दावा लावू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्याने तो विषय त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढलाय. त्यासाठी न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. कलम १४ खालची मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, सबळ कारण दाखवलं तर वर ६० दिवस. भरपाईला कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात. प्रदूषण रोज नव्याने होतं असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. मालकाशी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. वास गणपतीत सुरू झाला असेल, तर त्या तारखेपासून सहा महिने मोजा आणि त्याच्या आत अर्ज पुण्यात पोचवा; शिमग्याची वाट पाहू नका, मुदत त्याआधीच संपू शकते.