वाचक विचारतात : स्वच्छ उन्हात विमानाला विमान लागतं कसं?

प्रश्न : गेल्या महिन्यात आमचं विमान धावपट्टीकडे निघालं होतं. वेग सायकलएवढा, ऊन लख्ख. अचानक खरखर आवाज झाला, हिसका बसला आणि विमान थांबलं. तासाभराने आम्हाला उतरवलं, तेव्हा कळलं की आमच्या पंखाचं टोक वाटेतल्या दुसऱ्या विमानाच्या शेपटीला लागलं होतं. एवढी मोकळी जागा, दोन-दोन वैमानिक, तरी हे घडतंच कसं? आमच्या जिवाला धोका होता का?

उत्तर : मी 22 वर्षं एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या आवारात काम केलं. त्यातली बरीच वर्षं पंखाच्या टोकाबरोबर चालण्यात गेली. या कामाला विंग वॉकर म्हणतात. हातात दोन कांड्या, मान वर, आणि टोक कशाला लागत नाही ना, एवढंच बघायचं. त्यासाठी वेगळा माणूस लागतो, कारण बऱ्याच मोठ्या विमानांत वैमानिकाला स्वतःच्या पंखाचं टोक खुर्चीतून दिसत नाही. कॉकपिट नाकाशी, पंख खूप मागे आणि तेही मागे झुकलेले.

धावपट्टीच्या वाटेवर विंग वॉकर नसतो. तिथे भरवसा जमिनीवरच्या पिवळ्या रेघेचा. पुढचं चाक रेघेवर ठेवलं की दोन्ही बाजूंना जागा पुरते, असा आखणीचा हिशेब असतो. पण दुसरं विमानही आपल्या जागी पूर्ण शिरलेलं आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ते चार-सहा मीटर अलीकडेच थांबलं, तर त्याची शेपूट तुमच्या वाटेत राहते. 11 एप्रिल 2011 ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर असंच झालं. पंखांचा पसारा जवळजवळ 80 मीटर असलेलं एअरबस ए380 जात होतं, आणि शेजारच्या वाटेवर एक छोटं जेट पुढे सरकायची वाट पाहत थांबलं होतं. ए380 च्या टोकाने त्या जेटला शेपटीकडून धरून गर्रकन फिरवलं. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. 2024 च्या सप्टेंबरात अटलांटात ए350 च्या टोकाने एका जेटची शेपूटच उडवली.

त्यात वळण आलं की आणखी घोळ. मागे झुकलेल्या पंखाचं टोक वळताना बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, सरळ जातानाच्या हिशेबापेक्षा जास्त जागा खातं. वैमानिकाला हे शिकवलेलं असतं, पण तीस-चाळीस मीटर लांबचं, न दिसणारं टोक अंदाजाने सांभाळणं सोपं नाही.

माझ्या अंगावर आजही काटा येतो ती एक पावसाळी रात्र. टग, म्हणजे विमान ढकलणारी गाडी, विमानाला मागे ढकलत होता, मी डाव्या टोकाशी. शेजारचं विमान जागेत पूर्ण शिरलंच नव्हतं, हे पावसात कोणाच्या लक्षात आलं नाही. इंजिनांच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो. मी दोन्ही कांड्या डोक्यावर आडव्या-तिडव्या धरल्या, टगवाल्याने करकचून ब्रेक दाबला. टोकाच्या दिव्याच्या उजेडात समोरच्या शेपटीवरचे रिवेट मोजता येत होते, इतकं थोडं अंतर उरलं होतं.

आता धोक्याचं. पंखात इंधन असतं, म्हणून गळतीची भीती खरी, आणि अग्निशमन गाड्या त्यासाठीच धावत येतात. पण सायकलच्या वेगात बहुतेक वेळा नुकसान पत्र्यावरच निभावतं. भयानक असतं ते जमिनीवर चालणारं विमान धावपट्टीवर शिरणं. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात 583 माणसं गेली, 2001 मध्ये मिलानच्या लिनाते विमानतळावर 118. तिथे समोरचं विमान उड्डाणाच्या वेगात होतं.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्येच शिफारस केली होती, की ज्या मोठ्या विमानांतून टोक दिसत नाही त्यांत कॅमेऱ्यासारखी सोय करा. साध्या मोटारीला मागचा कॅमेरा असतो. शेकडो माणसं नेणाऱ्या प्रत्येक मोठ्या विमानात तो का नसावा, हे मला खरोखर कळत नाही. तो बसवलाच पाहिजे.

आणि तुमच्यासाठी एक. कॅप्टनला न दिसणारं ते टोक पंखामागच्या खिडकीतून प्रवाशाला स्पष्ट दिसतं. ते कशाच्या फार जवळ जातंय असं वाटलं, तर संकोच करू नका, कर्मचाऱ्यांना मोठ्याने हाक मारा. त्यांच्याजवळ कॉकपिटला लावायचा फोन असतो.