आधी रोगी काढ

पोरी,

रोगी बरे करणाऱ्या संत फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे गोव्यात आणि आशियात फिरलेल्या त्या ख्रिस्ती धर्मप्रसारकाचं, रेखाटन पोचलं. सोबत लिहिलंयस, 'संताच्या चेहऱ्यावर करुणा काही केल्या उतरत नाही. माझा चमत्कारांवर विश्वास नाही, म्हणून असेल का?' विश्वासाचा इथे काडीचा संबंध नाही. तू नको त्या माणसाकडे टक लावून बसलीयस. रोग्याकडे बघ.

तुझ्या कागदावर झेवियरची दाढीसुद्धा केसागणिक घोटलेली आहे, तळहातातून किरण सोडलेत, आणि पायाशी आजारी माणसं म्हणून नुसती गाठोडी. अगं, मग तिथे बरं कोण होणार आहे?

रुबेन्स या फ्लेमिश चित्रकारानं हाच विषय बेल्जियममधल्या अँटवर्पच्या जेझुइट चर्चच्या (झेवियरच्याच धर्मसंघाच्या) वेदीसाठी १६१७-१८च्या सुमारास रंगवला. पाच मीटरहून उंच चित्र, आता व्हिएन्नात आहे. झेवियर तेव्हा अधिकृत संत नव्हताच, ते १६२२ मध्ये झालं. म्हणजे चित्रानं लोकांना पटवायचं होतं. आणि पटवणार कोण? उंच चौथऱ्यावर काळ्या झग्यात उभा असलेला झेवियर? छे. खाली जमलेले आंधळे-पांगळे.

रुबेन्सनं आशियात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आंधळा माणूस कसा पुढे सरकतो, ते मात्र त्यानं नीट पाहिलं होतं. व्हिएन्नाच्याच अल्बर्टिना संग्रहात त्या आंधळ्याचं अभ्यासचित्र आहे, काळ्या खडूतलं, उजेडाच्या जागी पांढरा लावलेलं. दोन्ही हात पुढे, हवा चाचपणारे. पाऊल पडायच्या आधी हात पोचलेले, आणि सगळा अविश्वास खांद्यात साठलेला. त्या कागदावर संत नाही, त्याच्या झग्याची कडसुद्धा नाही. तरी समोर कुणीतरी उभं आहे हे आपल्याला कळतं. ते कळतं रोग्यामुळे. त्याच चर्चसाठी रुबेन्सनं काढलेल्या, जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याच्या जोडचित्रातही माझी नजर आधी त्या पिळवटलेल्या, झपाटलेल्या बाईवर जाते, मग वर त्याच्याकडे.

किरण त्या झेवियरच्या चित्रातही आहेत, पण ते आभाळातून उतरतात, आणि मागे देवळातली मूर्ती कोसळते. १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मागणारा हाच झेवियर. ती कोसळणारी मूर्ती मला खुपते. तुलाही खुपू दे. पण म्हणून आंधळ्याचे हात खोटे ठरत नाहीत.

सरांचं जुनंच पालुपद, म्हणशील. आहेच. कॅलेंडरवाले माझ्याकडे बाबा-महाराज मागायचे, हातातून किरण निघणारे. मी रोगी काढून द्यायचो. ते म्हणायचे, 'देवघरात आजारी माणूस कोण लावतो हो?' धंद्याच्या हिशेबानं बरोबरच होतं त्यांचं. कामं गेली, घरात त्यावरून बोलणी खाल्ली, नातेवाइकांत 'आडमुठा' हे नाव पडलं. पडू दे. किरण काढायला फूटपट्टी पुरते, त्यासाठी चित्रकार कशाला हवा? माझ्या हाताला जे काही येतं ते त्या रोग्यांनी शिकवलं, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. सल आहे तो वेगळाच. तो आंधळ्याचा मूळ कागद बघायला व्हिएन्नाला जाणं काही जमलं नाही. छापील पानांवरच भागवलं. तुला जमलं तर जाऊन ये, आणि रांगेत उभी राहून फोटो काढत बसू नकोस.

तुझी रेघ चांगली आहे, म्हणून एवढं लिहितोय. नाहीतर 'छान' म्हणून मोकळा झालो असतो.

आता पुन्हा बस. संताची जागा कोरी सोड. पेन्सिल ठेवून दे, काळा खडू घे, म्हणजे खोडण्याची सवय सुटेल. आजोबांचे गुडघे धरलेत म्हणालीस ना? ते खुर्चीतून उठतात तेव्हा तळवे खुर्चीच्या हातांवर कसे रोवतात, मनगट कुठे दुमडतं, कोपर कधी थरथरतं, ते काढ. बसलेले नकोत, उभे नकोत, उठतानाचे. आधी त्यांना विचार, कुरकुरतील, पण बसतील. आणि चेहरा काढलास तर कागद तसाच परत पाठवीन.

तुझे सर